हात लागताच फुललेलं झाड

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात नगरची एक फारसी पोथी जपून ठेवलेली आहे. तिचं नाव 'तारीफ-ए-हुसेनशाही'. आफताबी नावाच्या कवीनं पहिल्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी हे काव्य रचलं. विजयनगरचं सामर्थ्य मोडणारी राक्षसतागडीची लढाई जानेवारी १५६५ मध्ये झाली, त्याच वर्षी हुसेनशहा वारला, आणि पोथीही त्याच सुमाराची. दख्खनी चित्रकलेचा विषय निघाला की सुरुवात या पोथीपासून करावी लागते, इतकं तिचं स्थान मानाचं आहे. आज तिच्यात १२ चित्रं उरली आहेत. काही लढाईची आहेत, काही दरबाराची. एका चित्रात मात्र लढाईही नाही आणि दरबारही नाही. तिथे एक सुंदर बाई आहे, एक झाड आहे, आणि बाईचा स्पर्श होताच झाड फुललं आहे.

या चित्राकडे मी वळलो तो जरा आडवाटेनं. गेली काही वर्षं संगणकाला एक गोष्ट शिकवायचा खटाटोप जगभर चालू आहे. चित्रातला माणूस चित्रातल्या वस्तूशी नेमकं काय करतो आहे, हे यंत्राला कळावं, असा तो खटाटोप. माणूस कुठे आहे हे यंत्र आता सहज सांगतं. झाड कुठे आहे हेही सांगतं. घोडं अडतं ते दोघांच्या मधल्या जागेपाशी. हात झाडाला लागला आहे का, लागला असेल तर तो टेकला आहे, की धरतो आहे, की ढकलतो आहे, की नुसताच झाडाच्या पुढून गेला आहे? नगरच्या चित्राचा सगळा जीव नेमका त्या मधल्या जागेत आहे. म्हणून संगणकाच्या या अभ्यासातून काही प्रश्न उसने घेऊन ते या चित्राला विचारावेत असं मला वाटलं. चित्र अशा प्रश्नांना फार मोकळेपणी उत्तरं देतं.

चित्रातला स्पर्श ही मुळातच अवघड गोष्ट आहे. नगर जिल्ह्यातल्याच दायमाबादचा कांस्य रथ आठवा. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ मध्ये चार कांस्यशिल्पं सापडली. हत्ती, गेंडा, रेडा, आणि चौथा हा रथ. सुमारे ४५ सेंटीमीटर लांब, पुढे बैलजोडी, मागे उभा माणूस. त्या माणसाचे पाय रथाला खरोखर टेकलेले आहेत, धातूला धातू लागलेला आहे. कागदावर तसं काहीच घडत नाही. हाताचा रंग जिथे संपतो तिथे झाडाचा रंग सुरू होतो, एवढंच. दोन कडा शेजारी आल्या, आणि त्या शेजारी येण्यातून आपण स्पर्श वाचला. खरं तर त्याच कडांचा अर्थ 'झाड लांब मागे आहे आणि हात हवेत आहे' असाही निघू शकतो. चित्रकार तो अर्थ बंद करतो, आणि कसा बंद करतो हे पाहण्यात चित्र पाहण्याचा निम्मा आनंद आहे. कुठली रेघ कुठल्या रेघेवरून गेली, बोटं सरळ ठेवली की वळवली, अंगाचा भार कुठल्या पायावर टाकला, मान कुणीकडे कलली, अशा बारीकसारीक ठिकाणी स्पर्श ठरतो.

छायाचित्रात यंत्राला सावल्यांचा आधार मिळतो. हात भिंतीला टेकला की सावली हाताला येऊन मिळते, हात लांब असला की सावली सुटी पडते. नगरच्या शैलीत हा आधार नाही. रंग सपाट आणि भरजरी, सावली नाही, जमीन वर चढत गेलेली, क्षितिज उंच. लांबची वस्तू अंधूक दिसण्याचा प्रश्नच नाही, कारण लांबचं आणि जवळचं सारख्याच ठसठशीत रंगात येतं. छायाचित्रांवर तयार झालेलं यंत्र इथे आणलं तर त्याच्या नेहमीच्या खुणाच गायब होतात. उरते ती रेघ, आणि त्या रेघेमागचा माणसाच्या अंगाचा अनुभव.

आता हे यंत्र शिकतं कसं, ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'हायको-डेट' नावाचा चित्रसंग्रह तयार केला. त्यात ४७,७७६ छायाचित्रं आहेत. प्रत्येक चित्रात माणसाभोवती एक चौकट, वस्तूभोवती दुसरी चौकट, आणि दोघांना जोडणारं एक क्रियापद. वस्तू ८०, क्रियापदं ११७, आणि त्यांच्या जुळणाऱ्या जोड्या ६००. सायकल चालवणं, घोड्यावर बसणं, छत्री उघडणं, अशा त्या जोड्या. या ६०० मध्येच प्रत्येक वस्तूसाठी 'काहीच संबंध नाही' असाही एक पर्याय आहे. माणूस आणि सायकल शेजारी आहेत, पण माणूस सायकलशी काही करत नाही, हेसुद्धा यंत्राला शिकावं लागतं. हा पर्याय मला फार शहाणपणाचा वाटतो. शेजारी असणं आणि संबंध असणं या दोन गोष्टींत फरक आहे, हे त्यामुळे यंत्राच्या पाटीवर पहिल्याच दिवशी लिहिलं जातं.

पण त्या ८० वस्तूंची यादी वाचताना मी एका जागी थांबलो. यादीत केळं आहे, पतंग आहे, दातांचा ब्रश आहे. झाड नाही. झाडाच्या जवळ जाणारी एकच वस्तू आहे, ती कुंडीतलं रोपटं. त्याच्याशी माणूस काय करतो? ते उचलतो, हातात धरतो, त्याला पाणी घालतो. रोजच्या वस्तूंच्या यादीत हे स्वाभाविकच आहे. नगरची बाई मात्र या यादीत कुठेच बसत नाही. तिच्या समोरची वस्तू यादीत नाही, आणि तिचं क्रियापदही नाही.

मिशिगनमध्येच २०२० मध्ये हातांचा आणखी एक मोठा संग्रह झाला. त्यात हाताच्या स्पर्शाचे पाच प्रकार मानले आहेत. हात कशालाच लागलेला नाही. स्वतःच्याच अंगाला लागला आहे. दुसऱ्या माणसाला लागला आहे. उचलता येईल अशा वस्तूला लागला आहे. किंवा जागची हलत नाही अशा वस्तूला लागला आहे. ही विभागणी रूक्ष वाटते, पण तिच्यात अक्कल आहे. उचलता येणारी वस्तू हाताच्या तालावर चालते. न हलणाऱ्या वस्तूच्या तालावर हाताला चालावं लागतं. मुठीची घडण, मनगटाचा कोन, खांद्याचा ताण, सगळं त्यावर बदलतं. झाड पाचव्या प्रकारात जाईल. पण नगरच्या चित्रात झाडाला जागचं न हलणारी वस्तू म्हणायला जीव धजत नाही. जागा न सोडता ते झाड जेवढं हललं आहे तेवढं चित्रातलं दुसरं काहीच हललेलं नाही. ते फुललं आहे.

याच खटाटोपाची एक शाखा अशी आहे की जिनं छायाचित्रं बाजूला ठेवून मुद्दाम काढलेली चित्रं घेतली. लॅरी झिटनिक आणि देवी पारिख यांचं २०१३ चं काम मला या सगळ्यात सर्वांत आवडतं. त्यांनी माइक नावाचा मुलगा आणि जेनी नावाची मुलगी अशी दोन साधी कात्रणचित्रं घेतली. त्यांच्या जोडीला मैदानातल्या वस्तू. घसरगुंडी, वाळूचा हौद, चेंडू, बॅट, पतंग, शेकोटी, तंबू, चाच्याची टोपी, शिवाय अस्वल, बदक, साप. मुलांच्या ठरावीक अंगस्थिती आणि ठरावीक चेहरे. लोकांना सांगितलं की या तुकड्यांतून एक दृश्य मांडा. मग दुसऱ्या लोकांकडून त्या दृश्याचं एका-दोन वाक्यांत वर्णन लिहून घेतलं. आणि तेच वर्णन पुन्हा १० वेगवेगळ्या लोकांना देऊन सांगितलं, हे चित्र तुम्ही मांडा. अशी १,००२ वर्णनं आणि १०,०२० दृश्यं जमली.

हा प्रयोग इतका मार्मिक का, ते एक दृश्य जवळून पाहिलं की कळतं. समजा वर्णन आहे की माइक चेंडूला लाथ मारतो आहे. दहा जण हे मांडतात. एक जण माइकला डावीकडे ठेवतो, दुसरा उजवीकडे. कुणी मागे झाड ठेवतं, कुणी ढग. एकानं जेनीला बघत उभं केलं, दुसऱ्याला तिची आठवणच झाली नाही. दहाही चित्रं वेगळी. पण दहाही चित्रांत पाय उचललेला माइकच निवडलेला असतो, चेंडू त्याच्या तोंडासमोरच्या बाजूलाच असतो, आणि चेंडू आणि पाय यांच्यातलं अंतर एका मर्यादेबाहेर जात नाही. जे बदलत राहिलं ते सजावटीचं. जे बदललं नाही ते लाथेचं. यंत्राला क्रियापद शिकवायचं तर असंच शिकवावं लागेल, कारण क्रियापद एकट्या चित्रात सापडत नाही. एकच गोष्ट सांगणाऱ्या पुष्कळ चित्रांत जे टिकून राहतं, त्यात ते सापडतं. टोपी डोक्यापासून किती लांब, चेंडू हातापासून किती लांब, मूल कुणाकडे तोंड करून आहे, अशा मोजमापांतून यंत्र 'घालणं', 'धरणं', 'पळून जाणं' शिकत जातं. आणि गंमत म्हणजे माइकच्या पायाशी तोच चेंडू तेवढ्याच अंतरावर ठेवून फक्त अंगस्थिती बदलली, त्याला शांत उभा केला, की लाथ नाहीशी होते. अंतर तेच, अर्थ गेला.

पुढच्याच वर्षी स्टॅनिस्लाव अँटॉल यांनी झिटनिक-पारिख यांच्याबरोबर याच वाटेनं आणखी एक पाऊल टाकलं. हातपाय हवे तसे वळवता येणाऱ्या चितारलेल्या बाहुल्या लोकांच्या हाती देऊन दोन माणसांमधल्या क्रिया मांडायला सांगितल्या, यंत्राला त्या चित्रांवर शिकवलं, आणि मग खऱ्या छायाचित्रांतल्या क्रिया ओळखायला लावल्या. काढलेल्या चित्रांत शिकलेलं ज्ञान खऱ्या माणसांपर्यंत पोचतं, हा त्यांचा अनुभव. चित्रकाराला यात नवल वाटणार नाही. नको ते गाळून हवं तेवढं ठेवणं हेच तर त्याचं काम.

आता नगरच्या चित्राकडे परत येऊ. बाईच्या स्पर्शानं झाड फुलणं या कल्पनेला संस्कृतात दोहद म्हणतात, म्हणजे झाडाचे डोहाळे. माइक-जेनीच्या प्रयोगात एक वर्णन १० जणांना दिलं होतं. इथे 'बाईचा स्पर्श झाला आणि झाड फुललं' हे एकच वर्णन आपल्याकडच्या शिल्पकारांना, नाटककारांना आणि चित्रकारांना जवळपास दोन हजार वर्षं दिलं जात होतं. भारहुतच्या स्तूपावर चुलकोका देवता एका हातानं फांदी धरून, दुसरा हात आणि पाय खोडाभोवती गुंफून उभी आहे. सांचीच्या पूर्व तोरणावरची शालभंजिका आंब्याला अशी लगडली आहे की तिचा सगळा तोल झाडाच्या भरवशावर आहे. पुढे देवळादेवळांत, भिंतींवर, स्तंभशीर्षांवर तीच बाई आणि तेच झाड. वेष बदलले, दागिने बदलले, झाडं बदलली, दगड बदलला. टिकलं काय? बाईच्या अंगाचा बाक आणि झाडाचा बाक एकमेकांना साथ देतात, हे टिकलं. ती झाडापाशी सहसा ताठ उभी राहत नाही. तिचा भार झाडावर असतो किंवा झाडाचा भार तिच्यावर, आणि कुठला कुणावर हे नेमकं सांगता येत नाही. हजारो शिल्पांतून हे एवढं उरतं, आणि हेच त्या क्रियापदाचं सार.

याहून पुढची गोष्ट अशी की आपल्या परंपरेनं या संबंधाची यादीही केली आहे. संस्कृत टीकाकारांनी सांगितलेला संकेत असा: प्रियंगू नुसत्या स्पर्शानं फुलतो, अशोकाला बाईच्या पायाचा आघात लागतो, बकुळीला तोंडातल्या मद्याची चूळ, कुरबकाला आलिंगन, तिलकाला नजर, चाफ्याला हसू, कर्णिकाराला समोर केलेलं नृत्य. वनस्पतिशास्त्र म्हणून हे खरं नाही, आणि कुणी तसं म्हणतही नव्हतं. पण एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला क्रियापद, आणि प्रत्येक झाडाला त्याचं स्वतःचं क्रियापद, ही मांडणी पाहा. मिशिगनच्या ६०० जोड्यांची यादी वाचून मी ही यादी पुन्हा वाचली तेव्हा तिचा डौल नव्यानं कळला. यादी करणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की हात लावणं आणि लाथ मारणं यांत अंतर आहे, आणि नजर टाकणं हीसुद्धा वस्तूशी केलेली एक कृती आहे. तिलक नजरेनं फुलतो. तिथे स्पर्श शून्य आणि परिणाम पूर्ण.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त या संकेतावर नाटकाचा एक अख्खा पेच उभा आहे. राणी धारिणीचा अशोक फुलत नाही. राणी झोपाळ्यावरून पडल्यानं तिच्या पायाला दुखापत झालेली. मग तिच्या जागी विदर्भाची मालविका, जी अजून दासी म्हणूनच वावरते आहे, तिला पाठवलं जातं. सखी तिच्या पायाला अळता लावते, आणि मालविका झाडाला पाय मारते. पाच रात्रींच्या आत झाड फुललं तर तुझी इच्छा पुरी करीन, असा राणीचा शब्द. इथे आघात एका अंकात आणि फुलं नंतर. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये रात्री जातात, लोक वाट बघतात, डाव टाकतात. नाटकाला ही सवड आहे.

चित्राला ती सवड नाही. चित्रकाराकडे एकच क्षण असतो, आणि त्याला त्यात हात लागलेलाही दाखवायचा आणि झाड फुललेलंही दाखवायचं. आधी आणि नंतर एकाच कागदावर. संगणकाच्या दृष्टीनं हा मोठाच घोटाळा. फुललेलं झाड आणि त्याला हात लावणारी बाई पाहून यंत्र काय म्हणेल? फुलं पाहून बाई जवळ गेली, असंच म्हणेल, आणि रोजच्या जगात तेच घडतं. बागेत फुललेल्या झाडाकडे माणसं जातात. तिच्यामुळे झाड फुललं, असा उलटा प्रवास चित्रातून आपण वाचतो तो बाईच्या वृत्तीमुळे. फुलं बघायला आलेल्या माणसाची नजर फुलांत असते, हात फुलांकडे जातो. दोहदातली बाई झाडाकडून काही घ्यायला आलेली नसते. ती फुलं खुडत नाही. दोहदाच्या कल्पनेत या बाईच्या हाती फुलांच्या परडीला जागा नाही, आणि मला वाटतं ती नसणं हाच या चित्रप्रकाराचा सर्वांत सूक्ष्म संकेत आहे.

नगरच्या चित्रकारानं हे वर्णन आपल्या काळात आणून बसवलं. काव्य फारसी, राजा शिया, पोथीची घडण इराणी वळणाची, आकाशाला सोन्याची झळाळी. आणि त्यात ही थेट भारहुतपासून चालत आलेली बाई. पोथीतल्या स्त्रियांचा वेषही असाच दोन प्रदेशांच्या मेळातला आहे. उत्तरेकडची वाटावी अशी चोळी, गोंडे लावलेली लांब वेणी, आणि अंगाभोवती घेतलेलं लांब वस्त्र दक्षिणेच्या रीतीचं. हे सगळं एका पानावर ओढाताण न होता नांदतं. ज्या दरबारानं विजयनगरशी लढाई केली त्याच दरबाराच्या विजयकाव्यात दोहदाचं चित्र आलं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. माइक-जेनीच्या प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर या चित्रकारानं अकरावा माणूस होऊन तेच वर्णन मांडलं. सजावट सगळी स्वतःची, क्रियापद मात्र जुनं आणि शाबूत.

याच पोथीतली दुसरी काही चित्रं त्याहून वेगळं शिकवतात. हुसेनशहाची राणी खुंजा हुमायून. चांदबिबीचं नाव नगरला पोराटोरांना ठाऊक असतं. १५९५-९६ च्या वेढ्यात तिनं मोगलांविरुद्ध भुईकोट किल्ला लढवला. ती या राणीची मुलगी. नवऱ्यामागं अल्पवयीन मुलाच्या नावानं खुंजा हुमायूननं राज्य चालवलं, आणि १५६९ मध्ये त्याच मुलानं, मुर्तझानं, तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकलं. पोथीच्या मूळ चित्रांत ती राजाशेजारी बसलेली होती. मुसलमानी दरबारी चित्रात राणी अशी उघड राजाच्या बरोबरीनं बसलेली दिसणं फार दुर्मीळ. पुढे त्या चित्रांतली तिची आकृती पुसून, वर रंग चढवून नाहीशी केली गेली. पण ती पुरती गेली नाही. बाह्यरेषा अजून जाणवते.

एक बाजू पुसली तर संबंधाचं काय होतं? यंत्र शिकवणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. मुद्दाम चित्राचा भाग झाकायचा आणि झाकलेल्या जागी काय असेल ते यंत्राला ओळखायला लावायचं, ही तर आता शिकवण्याची रूढ रीत आहे. २०२१ मध्ये कायमिंग हे यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं की चित्राचा ७५ टक्के भाग झाकला तरी उरलेल्या चतकोरावरून यंत्र बाकीचं रचत जातं, आणि रचता रचता चित्र समजायला शिकतं. या हिशेबानं खुंजा हुमायूनला परत उभं करणं अवघड नाही. एकट्या राजाला लागली नसती एवढी जागा त्याच्या शेजारी सोडलेली आहे. दृश्याची सगळी रचना दोघांना धरून बेतलेली. एकाला काढल्यावरही दुसऱ्याचं अंग त्या जागेशी नातं सोडत नाही. पुसणाऱ्यानं बाई पुसली. शेजारी बसणं हे क्रियापद त्याला पुसता आलं नाही, कारण ते तिच्या आकृतीत नव्हतंच, ते अख्ख्या चित्रभर पसरलेलं होतं. यंत्र हे मोजून सांगेल. ती जागा रिकामी का झाली, एवढंच ते सांगणार नाही. त्यासाठी नगरचा इतिहास लागतो, मुलानं आईला कैदेत टाकल्याची गोष्ट लागते.

इथून माझ्या मनात एक आग्रह तयार झाला आहे आणि तो मी मोकळेपणानं मांडतो. महाराष्ट्रातल्या चित्रांवरून यंत्राला शिकवायचं तर आपल्या क्रियांची यादी आपण करायला हवी. पिंगुळीच्या चित्रकथी पोथ्यांत, पैठणी चित्रांत, या नगरच्या पोथीत माणसं वस्तूंशी काय काय करतात ते बसून लिहायला हवं. ओवाळणं घ्या. तबक हातात आहे, पण ज्याला ओवाळलं त्याला ते लागत नाही, लागायचंही नाही. पाच प्रकारांच्या तक्त्यात ओवाळणाऱ्या बाईच्या खात्यावर 'उचलता येईल अशा वस्तूला स्पर्श' एवढंच लिहिलं जाईल, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे तो पाटावर बसलेला माणूस नोंदीतून गळून जाईल. दृष्ट काढताना मीठमोहऱ्यांची मूठ अंगावरून उतरते, अंगाला टेकत नाही. ओटी भरताना तांदूळ पदरात पडतात, आणि देणाऱ्या हाताचा नि घेणाऱ्या पदराचा क्षणभरच मेळ पडतो. या क्रियांत अंतर हाच नियम आहे. तबक फार जवळ आलं तर ते ओवाळणं राहत नाही, फार लांब गेलं तरी राहत नाही. म्हणजे मोजता येण्यासारखं इथेही पुष्कळ आहे, माइकच्या चेंडूइतकंच. एका ओवाळण्याची दृश्यं दहा जणांकडून मांडून घेतली तर काय टिकतं ते दिसेल. तबकाची उंची, दोघांचे चेहरे समोरासमोर, ज्योत मध्ये. हे काम चित्रकला शिकणाऱ्या मुलांच्या हातून सुरेख होईल. नगरच्या शाळांत ते सुरू व्हावं अशी माझी इच्छा आहे.

आणि त्या यादीत दोहदाचं चित्र घालताना माझ्यापुरता पेच उभा राहतो. पहिली ओळ सोपी: बाई, हात लावते, झाड. दुसरी ओळ मला लिहायचीच आहे: झाड, फुलतं, बाईमुळे. आतापर्यंतच्या तक्त्यांत करणारा नेहमी माणूस आणि जिच्यावर कृती होते ती नेहमी वस्तू, असंच धरलेलं आहे, चौकटीच तशा आखलेल्या आहेत. या चित्रासाठी वस्तूच्या बाजूला एक नवा रकाना पाडावा लागेल, स्पर्शानंतर वस्तूनं काय केलं ते लिहिण्यासाठी. मालविकेच्या अशोकाला त्यात पाच रात्रींची मुदत लिहिता यावी, आणि नगरच्या झाडापुढे लिहिता यावं: त्याच क्षणी.